सायकल सोड म्हणू नका

टोरंटो
रविवार, 17 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. आईस,

मोठीचा शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, छोटीला खूप खूप माया.

मी बरी आहे. कोपराचे टाके निघाले, हात डोक्याच्या वर जातो, वेणी माझी मीच घालते. आई, परवा तू फोनवर "सायकल सोड, आधी ते सायकल सोड" एवढंच म्हणत राहिलीस आणि रडत फोन बाबांकडे दिलास. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. आज रविवार आहे म्हणून लिहायला बसले. दादा कळंबला गेला की झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणेल, म्हणजे बाबांना चष्मा लावून सावकाश वाचता येईल. फोनवर मला नीट सांगता येत नाही, तुझा आवाज ऐकला की निम्मं विसरते.

पंधरा दिवस लपवलं हे चुकलंच. छोटीनं व्हिडिओवर खूण पाहिली नसती तर कदाचित अजूनही सांगितलं नसतं. तेव्हा पऱ्हाटीत निंदण सुरू होतं, बाबांचा गुडघा सुजला होता, त्यात माझी भर कशाला, असं वाटलं. तू म्हणालीस, "एकटी रस्त्यावर पडली असशील, उचलायलाही कोणी नसेल." होते गं, आई. फळांच्या दुकानातली बाई धावत आली, तिनं खुर्ची आणून बसवलं. ज्याच्यामुळं पडले त्याच माणसानं मला दवाखान्यात नेलं आणि टाके घालून होईपर्यंत बाहेर बसून राहिला.

आणि मी वेगात नव्हते. हेल्मेट होतं, पुढचा-मागचा दिवा चालू होता. कडेला उभ्या असलेल्या मोटारीतल्या माणसानं मागं न बघता दार उघडलं, मी त्या दारावर आदळले. इथं हे इतकं घडतं की त्याला कायद्यात वेगळा दंड आहे, 365 ते 1000 डॉलर. हा दंड 2015 साली वाढवला. त्याच कायद्यात असंही आहे की मोटारीनं सायकलला ओलांडताना शक्य तिथं निदान 1 मीटर जागा सोडायची. म्हणजे मी काही रानावनात जीव मुठीत धरून फिरत नाही. जाण्या-येण्याच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी सायकलीचा वेगळा पट्टा आहे, आणि मोटारी व तो यांच्या मध्ये सिमेंटचा बुटका बांध, आपल्या वावराच्या धुऱ्यासारखा. धुऱ्याच्या अलीकडं आपण, पलीकडं ते. मी पडले ते पट्टा संपून पुढचा चौक लागतो तिथं. पट्टा असता तर पडले नसते. म्हणून तू "सायकल सोड" म्हणालीस की मला वाईट वाटतं, कारण चूक सायकलीची नाही.

आता त्या पांढऱ्या सायकलीचं सांगते. जूनमध्ये पाठवलेल्या फोटोत माझ्या मागं खांबाला एक पांढरी सायकल बांधलेली होती. "ती कोणाची, तिला फुलं काहून वाहिली?" असं तू विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. रस्त्यावर कोणी सायकलवाला गाडीखाली सापडून गेला, की शहरातले दुसरे सायकलवाले, ज्यांची त्याच्याशी ओळखही नसते असे, कुठून तरी एक जुनी सायकल मिळवतात. तिची चेन, ब्रेकच्या तारा काढून टाकतात, म्हणजे कोणी चोरून नेऊन चालवणार नाही. मग तिला पांढरा रंग देतात. रंग म्हणजे नुसता नळ्यांना नाही. सीटला, पायडलला, टायरला, एकूण एक स्पोकला. घंटी असली तर घंटीलाही. एक दिवस ठरवून सगळे सायकली घेऊन जमतात आणि जिथं तो माणूस गेला तिथपर्यंत अगदी हळू जातात. कोणी बोलत नाही, घंटी वाजवत नाही. तिथं ती सायकल खांबाला साखळीनं बांधतात, नावाची पाटी लावतात, फुलं ठेवतात. शेवटी काही जण आपापली सायकल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरतात. ही रीत 2003 साली अमेरिकेत सेंट लुईसला सुरू झाली, आता कितीतरी देशांत आहे.

मला पहिल्यांदा हे काही समजलं नाही. मला वाटलं कोणाची जाहिरात आहे. मग मागच्या वर्षी मीही एका सायकलीमागं गेले. दोन-अडीचशे माणसं आणि रस्त्यावर आवाज म्हणून नाही. माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बाबा, ती टिकटिक ऐकून मला तुमची ॲटलास आठवली. पहाटे अंगणातून हातात धरून काढता तेव्हा अशीच वाजते, आणि दोन्ही बाजूंना लटकवलेल्या दुधाच्या कॅनच्या कड्या खुळखुळतात. मला तिथं रडू आलं. सगळ्यांना वाटलं गेलेला माणूस माझ्या ओळखीचा असेल.

आपल्याकडं वळणावर कोणी गेलं की लोक दगडाला शेंदूर लावतात. पुढं तिथं ओटा होतो, झेंडा लागतो, आणि कोण गेलं, कशानं गेलं हे विसरून जातं. इथं ती पांढरी सायकल रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला कारण सांगत उभी राहते. म्हणून पुढाऱ्यांनाही तिथं यावं लागतं.

पुढाऱ्यांचं सांगायला लागले की मला राग आवरत नाही, पण बाबांना यात रस आहे म्हणून लिहिते. इथं सायकलवाल्यांचा कैवार सगळेच घेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला सायकलनं कामावर जायचा एक दिवस पाळतात, त्या दिवशी हेल्मेट घालून फोटो काढतात. खरी परीक्षा मोटारींची एक रांग कमी करून तिथं पट्टा द्यायची वेळ येते तेव्हा होते. जार्विस नावाच्या रस्त्यावर 2010 साली पट्टे आखले. त्याच वर्षी निवडणूक झाली, रॉब फोर्ड महापौर झाले, 2011 साली नव्या सभागृहानं पट्टे काढायचा ठराव केला आणि 2012 च्या नोव्हेंबरात यंत्र लावून ते खरवडून काढले. पुढचे महापौर जॉन टोरी. त्यांनी 2017 साली ब्लूर रस्त्यावरचे पट्टे कायम ठेवायला पाठिंबा दिला, आणि 2018 साली यंग रस्त्याच्या उत्तरेकडच्या भागात मात्र पट्टे मुख्य रस्त्यावर नकोत, बाजूच्या रस्त्यानं न्या, अशी बाजू घेतली. तोच माणूस, तीच सायकल, एका वर्षाचं अंतर.

मग रॉब फोर्ड यांचे भाऊ डग फोर्ड. टोरंटो ज्यात येतं त्या ओंटारिओ प्रांताचे ते मुख्यमंत्री आहेत, 2018 पासून. त्यांच्या सरकारनं 2024 च्या नोव्हेंबरात कायदाच केला. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरचे पट्टे प्रांतानं काढायचे, आणि इथून पुढं मोटारींची रांग कमी होत असेल तर महापालिकेनं प्रांताला विचारल्याशिवाय पट्टा आखायचा नाही. महापालिकेनं हिशेब मांडला की काढायलाच निदान 4 कोटी 80 लाख डॉलर लागतील. बांधायला 2 कोटी 70 लाख लागले होते. आणि बाबा, यातलं एक कलम वाचून माझ्या अंगावर काटा आला. पट्टा काढल्यामुळं कोणी जखमी झालं किंवा मेलं तरी सरकारवर दावा लावता येणार नाही, असं त्यात लिहून ठेवलं आहे. म्हणजे कोणी मरेल हे त्यांना कायदा करतानाच माहीत होतं!

सायकलवाले कोर्टात गेले. गेल्या महिन्यात, 30 जुलैला निकाल लागला. न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी सांगितलं की पट्टे काढल्यानं माणसांच्या जिवाला धोका वाढतो, जगण्याच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काला बाधा येते, आणि त्यानं मोटारींची कोंडी कमी होईल असा पुरावा सरकारला देता आला नाही. सरकारनं अपील करणार म्हणून सांगितलं आहे, म्हणजे संपलं नाही. पण त्या संध्याकाळी मी कोपराला पट्टी बांधून ब्लूरवरून घरी आले तेव्हा पट्ट्यावरून जाणारी अनोळखी माणसं एकमेकांकडं बघून हसत होती.

हे एवढं लांबवून लिहिलं, कारण प्रत्येक वेळी मला आपला फाटा दिसतो. मी आठवीत होते तेव्हा मानव विकास या सरकारी योजनेतून मला सायकल मिळाली. शाळेच्या पटांगणात मांडव, साहेबांच्या हस्ते वाटप, आम्ही पोट्ट्या रांगेत हँडल धरून उभ्या, साहेबांचा हात माझ्या सीटवर. पेपरात फोटो आला होता, आईनं तो अजून पत्र्याच्या पेटीत ठेवला असेल. खरं सांगते, त्या सायकलीनंच मी शिकले. ती नसती तर सातवीवरच घरी बसले असते. ज्यांनी ती योजना केली त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि मी ते विसरणार नाही.

पण पुढं नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा हेच साहेब काय म्हणाले ते दादानंच मला सांगितलं होतं. दुभाजक बसला, आपल्या फाट्यासमोर तो फोडला नाही, वळायची जागा दीड किलोमीटर पुढं गेली. गावातली माणसं भेटायला गेली तर "हायवे केंद्राचा आहे, आमच्या हातात काही नाही." सायकल देणं हातात होतं, ती चालवायला जागा मागणं हातात नाही? साधं एक पत्र देता आलं असतं. आता बाबा दूध घेऊन जाताना आणि छोटी शाळेत जाताना उलट्या बाजूनं जातात, समोरून ट्रक येतो, त्याचा वारा लागला की कॅन हेलकावतात. बाबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही, पण छोटी म्हणाली की जुलैतल्या झडीत तुम्ही एकदा कडेच्या नालीत उतरला होता. गुडघा त्यानंच सुजला ना? तुम्हीही लपवलंच की.

म्हणून माझं ऐका. 15 ऑगस्टची ग्रामसभा झाली असेल, पुढची 2 ऑक्टोबरला. तिच्यात ठराव घ्या: फाट्यापासून शाळेपर्यंत सर्व्हिस रोड, नाही तर निदान फाट्यावर सुरक्षित ओलांडायची सोय, पिवळे दिवे, गतिरोधक पट्ट्या. ठरावाची प्रत जोडून महामार्गाच्या ऑफिसात आणि कलेक्टर ऑफिसात अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय दादानं तिथून हलू नये. झेडपीच्या निवडणुका लागतीलच. मत मागायला जो कोणी ओट्यावर येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चहा द्या आणि विचारा, पत्र दिलं का, दाखवा. इथं मी एवढंच शिकले, की सायकलीवर बसून काढलेला फोटो मोजायचा नाही, ठरावाच्या दिवशी हात कोणाचा वर होता ते बघायचं. अर्ज मी लिहून पाठवते. एवढं तरी मला करू द्या. बाकी मी तिथं काहीच कामाची नाही, हे मला रोज टोचतं.

पोळा शुक्रवारी ना? झूल नवी घेतली का जुनीच धुऊन काढली? छोटी लहान असताना तान्ह्या पोळ्याला तिच्या लाकडी बैलाला मी सजवत होते. यंदाही नाही जमलं. दिवाळीचंही नक्की सांगत नाही, तिकीट फार महाग आहे. पण मार्चमध्ये येतेच, रजेचं बोलून ठेवलं आहे.

पैशाचं. काल 45,000 पाठवले आहेत. 28,000 माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, तो दादानं 25 तारखेच्या आत बँकेत भरावा, उशीर झाला की दंड लागतो. बाकीच्यातून बाबांचा गुडघा वर्ध्याला किंवा सेवाग्रामला दाखवा, मेडिकलवाल्याकडून गोळी आणून भागवू नका. आई, तू मनात म्हणशील की पोरगी पैसे वाचवायला सायकल मारते. बस-रेल्वेचा पास महिन्याला 156 डॉलर आहे, तो उन्हाळ्यात वाचतो हे खरं आहे. पण बर्फ पडायला लागला की पास काढते, शपथ. आणि पैसे नसते वाचले तरी मी सायकलच चालवली असती. दिवसातली ती चाळीस मिनिटं मला घरी असल्यासारखं वाटतं.

वर्ध्याच्या स्थळाचं. मामांना नाही म्हणून सांगू नका, पण होही म्हणू नका. मुलाशी मी आधी फोनवर बोलेन, दोन-तीन वेळा बोलेन, मग सांगेन. वय वाढतं हे मला कळतं गं, आत्यानंही मेसेज करून कळवलं आहे. हुंडा नाही, मांडवासाठी वावर गहाण ठेवायचं नाही, या दोन गोष्टी बाबांनी आत्ताच मामांना स्पष्ट सांगाव्यात. छोटीच्या बारावीपर्यंत घराकडं मीच बघणार, हेही सांगा.

पैशातून 200 रुपये बाजूला काढून दादानं दोन्ही सायकलींना मागं लाल रेडियम आणि बाबांच्या सायकलला बॅटरीचा दिवा लावून घ्यावा. दुधाच्या कॅनलाही एकेक पट्टी चिकटवा, अंधारात कॅनच आधी दिसतात. लावल्यावर पहाटे निघताना मागून एक फोटो काढून पाठवा.

तुमची,
मोठी