निकालानंतरचे महिने कोणत्या खात्याचे?

मा. उच्च शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरी, आजारपण, घरची जबाबदारी अशा कारणांनी ज्यांची शाळा सुटली आणि जे तिशी-चाळिशीत पुन्हा अभ्यासाला बसले, त्यांना मी संध्याकाळच्या वर्गात गणित आणि लेखन शिकवते. ते शाळेची शेवटची परीक्षा पास झाले की प्रौढ शिक्षणाचं काम संपलं असं धरलं जातं. महाविद्यालयाचं काम सुरू होतं ते प्रवेशानंतर. मधले महिने कोणाच्याच खात्यात नाहीत, आणि आमची माणसं गळतात ती नेमकी तिथे. कोणी प्रवेशच घेत नाही, कोणी घेऊन पहिल्याच सत्रात यायचं थांबतं. हा मधला काळ आपल्या विभागाने आपला मानावा, एवढ्यासाठी हे पत्र.

अडतं कुठे, ते सांगते. माझी एक विद्यार्थिनी गोदामाचा हिशेब सांभाळते. माल किती आला, किती गेला, किती खराब निघाला, सगळं तोंडपाठ. तिला कागदावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन दिलं. तिने वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली, आणि उत्तर लिहिलं दोन छेद पाच. मी विचारलं, अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं? ती थांबली, तिने दोन्हींचे छेद सहा केले आणि पाच छेद सहा काढून दाखवलं. समज होतीच, रीत विसरली होती. प्रवेशाच्या चाचणीत मात्र असा प्रश्न विचारणारं शेजारी कोणी नसतं. तिथे फुली पडते आणि असा विद्यार्थी बिनश्रेयांकाच्या, म्हणजे पदवीच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या, पायाभूत वर्गात जातो. ज्या विषयासाठी तो आला, तो विषय लांबतो. नोकरी करून शिकणाऱ्याला ते सत्र परवडत नाही.

याला पर्याय आहे आणि तो तपासलेला आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या तीन महाविद्यालयांत, पायाभूत गणिताची गरज आहे असं ठरलेल्या सुमारे 900 विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीचं पायाभूत बीजगणित, दुसऱ्याला तेच अधिक साप्ताहिक कार्यशाळा, आणि तिसऱ्याला थेट पदवीच्या श्रेयांकाचं संख्याशास्त्र, जोडीला कार्यशाळा. बीजगणितात सुमारे 39 टक्के पास झाले, संख्याशास्त्रात सुमारे 56 टक्के. त्यात सगळेच प्रौढ नव्हते, हे मान्य. पण आधी वेगळं बसवून तयार करण्यापेक्षा खऱ्या अभ्यासाबरोबर आधार दिलेला बरा, हे मी माझ्या वर्गातही पाहते. मोठ्या माणसाला आपण पुढे सरकतोय हे दिसावं लागतं.

आणि गणित तरी लवकर आठवतं. वाचनाचं तसं नाही. शाळेच्या परीक्षेला धडा छोटा आणि प्रश्न ठरलेले असतात. महाविद्यालयात सांगतात, हे प्रकरण वाचून या, पुढच्या तासाला त्यावर बोलू. महाविद्यालयात गेलेल्या एकाने असं प्रकरण मला आणून दाखवलं. जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली होती. वाचलं होतं अगदी मन लावून. पण लेखकाचं म्हणणं कुठलं, पुरावा कुठला, आणि खोडून काढण्यासाठी मांडलेलं दुसऱ्याचं मत कुठलं, हे वेगळं करायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही रंग बाजूला ठेवला. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात स्वतःच्या शब्दांत एकच वाक्य लिहायचं, असं ठरवलं. सुरुवातीला एका पानाला संध्याकाळ गेली. पुढे तो वर्गात त्या लेखकाशी असहमतीही मांडू लागला. हे शिकवता येतं, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात, आणि ते आठवडे प्रवेशाच्या आधी मिळायला हवेत.

म्हणून माझी मागणी अशी, की पूर्वतयारीचा हा अभ्यासक्रम महाविद्यालयानेच चालवावा. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी, त्याच वर्गखोल्यांत, पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी, पहिल्या वर्षाचीच पुस्तकं घेऊन. त्याला श्रेयांक असावेत. आमच्यासारख्या केंद्रांतले शिक्षक सोबत राहतील, कारण कोणाचं काय कच्चं आहे ते आम्हाला माहीत असतं. शिष्यवृत्ती अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही मिळावी. आणि प्रत्येक महाविद्यालयात प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक माणूस नेमलेला असावा, तोही कामावरून सुटल्यावर भेटेल अशा वेळेला. आज कार्यालयाची खिडकी बंद होते तेव्हा आमचे विद्यार्थी अजून कामावरच असतात.

प्रवेश अर्जाकडेही एकदा बघा. चाळिशीच्या बाईला त्यात पालकांची सही मागितली जाते. स्वतःच्या मुलांच्या अर्जावर पालक म्हणून सही करणारी ती बाई तिथे अडखळते, आणि आपली जागा ही नव्हे असं समजून अर्ज घडी करून पिशवीत ठेवते. एका परिपत्रकाने हा रकाना वयाप्रमाणे ऐच्छिक करता येईल. त्याला ना समिती लागेल, ना निधी.

सगळीकडे एकदम नको. इच्छुक महाविद्यालयांत आधी सुरू करा. फक्त एक आकडा दरवर्षी जाहीर करा: प्रौढ केंद्रातून पास झालेल्यांपैकी किती जण महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात पोहोचले. पुढच्या प्रवेशाचं परिपत्रक निघण्याआधी याबाबत आपल्या विभागाकडून लेखी उत्तर यावं, ही विनंती.

आपली,
संध्याकाळच्या वर्गातली एक शिक्षिका