करवत माझ्या हातातून काढून न घेणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, नमस्कार.

समोरच्या फ्लॅटचं काम उरकून तुम्ही पुढच्या साइटवर गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. नंबरही घेतला नव्हता, म्हणून हे जाहीर पत्र.

फळी कापताना माझी करवतीशी चाललेली झटापट बघूनही ‘द्या इकडे, दोन मिनिटांत कापून देतो,’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याचं मला अजून अप्रूप वाटतं. उलट आधी माझा नवाकोरा गुण्या, म्हणजे काटकोन आखायची पट्टी, हातात घेतलात. फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ, मग गुण्या उलटा करून त्याच खुणेपासून दुसरी. रेघा एकावर एक बसायला हव्यात. त्या टोकाला अर्धा सूत फाकल्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ‘म्हणजे पाव सूत खोटा आहे. बदलून आणा.’ दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला.

करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, एवढं मला ठाऊक होतं. एका बाजूचे जास्त फाकले तर करवत तिकडेच ओढते, हे तुमच्याकडून कळलं. त्या बाजूवरून तुम्ही धारेचा दगड अलगद फिरवलात आणि तीच करवत मुकाट्याने रेघ धरून चालू लागली.

पेन्सिलीऐवजी पात्याने आखायचं, म्हणजे वरचे रेषे आधीच तुटतात आणि कडेला कुसळं निघत नाहीत. रेघ मापाच्या तुकड्यावर शाबूत ठेवून करवत टाकाऊ बाजूने चालवायची, कारण तीही जवळपास अर्धा सूत लाकूड खाते. तर्जनी पुढे, कोपर आणि खांदा करवतीच्या रेषेत. हे सगळं तुम्ही हातातलं काम न थांबवता सांगत होतात.

पण खरी कमाल प्रतिबिंबाची! करवतीच्या चकचकीत पात्यात फळीची कड सरळ पुढे गेल्यासारखी दिसली तर पातं काटकोनात, मोडल्यासारखी दिसली तर ते कललंय. तेव्हापासून मी करवतीचं पातं आरशासारखं पुसून ठेवतो. घरात यावरून चेष्टा होते, होऊ दे.

जाताना दाराशी ठेवलेले सागाचे तुकडे चौरंगाच्या पायांना पुरले. चौरंग डुगडुगत नाही.

इकडे पुन्हा काम निघालं तर बेल वाजवा. लांब फळी उभी चिरताना करवत मध्येच आवळली जाते, त्याचं काय करायचं ते विचारायचंय. चहा आमच्याकडे.

तुमचा,
समोरच्या दारातला शिकाऊ