तक्रारीच्या कागदावर बाबांची सही हवी आहे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू पुढे" म्हणतात आणि आई लगेच एडिंबराच्या थंडीची चौकशी करू लागते, म्हणून या वेळी सगळे सविस्तर लिहून पाठवते आहे. पाकिटात तीन प्रकारचे कागद आहेत: दवाखान्याच्या प्रॅक्टिस मॅनेजरच्या नावे लिहिलेले तक्रारपत्र, बाबांच्या वतीने ही तक्रार मी करावी यासाठी त्यांचे संमतिपत्र, आणि बसच्या वाटेवरच्या दुसऱ्या दवाखान्यात तुम्हा दोघांची नावे नोंदवण्याचे अर्ज. अर्ज मी भरले आहेत आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. दादाशी बोलणे झाले असून त्यालाही हेच योग्य वाटते. तुम्हाला विचारण्याआधी आम्ही दोघांनी ठरवून टाकले याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मी जाणते. पण सही तुमची आहे, आणि तुमच्या सहीशिवाय यातला एकही कागद पुढे सरकणार नाही.

बाबांना रक्तदाबाची गोळी बदलून दिल्यावर चक्कर येऊ लागली, तेव्हापासूनचा सगळा क्रम तक्रारपत्रात तारखांसह आहे. त्या तारखा मला आईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मिळाल्या. आई, तू प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवले होतेस: "८ ला फोन, रांगेत १४ वे", "१ पर्यंत फोन येईल म्हणाले", "आला नाही", आणि एके ठिकाणी फक्त "पुन्हा". त्या पानांचे फोटो मी पत्राला जोडले आहेत. दूधवाल्याच्या हिशेबापासूनची तुझी ही सवय इतक्या वर्षांनी अशी उपयोगाला येईल असे कोणाला वाटले असते! मी दिवाळीत आले होते तेव्हाची ती सकाळही माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर फोन ठेवून बसले होते, कानातले यंत्र पुन्हा पुन्हा नीट करत होते, आणि शिट्टीच्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही म्हणून तू एक वाजेपर्यंत कुकर चढवला नव्हतास. तरीही फोन आला तो नंबर न दाखवता, चार वेळा वाजून बंद झाला, पुन्हा एकदा तसाच वाजला, आणि दवाखान्याच्या नोंदीत "रुग्णाने फोन उचलला नाही" असे लिहून बाबांचे नाव यादीतून काढले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा तीच रांग.

बाबा, तुम्हाला कमी ऐकू येते ही गोष्ट त्या दवाखान्याला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, कारण कानाच्या तपासणीची चिठ्ठी त्यांनीच दिली होती. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून प्रत्येक दवाखान्यावर असे बंधन आहे की ज्याला ऐकण्याची, पाहण्याची किंवा तत्सम अडचण आहे त्याची गरज त्यांनी विचारून घ्यायची, ठळकपणे नोंदवून ठेवायची आणि त्याप्रमाणे वागायचे. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच होता की फोनऐवजी समोर बोलवायचे, किंवा मेसेज पाठवायचा. ही मेहेरबानी नव्हती. ते त्यांचे कामच होते आणि त्यांनी ते केले नाही.

आईच्या रक्ततपासणीचा मुद्दा तक्रारपत्रात दुसरा घेतला आहे, आणि त्यासाठी तिचे वेगळे संमतिपत्रही जोडले आहे. आई, हे वाचून घाबरू नकोस; तुझी प्रकृती आता ठीक आहे आणि वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावणे बऱ्याच जणांच्या बाबतीत होते. परंतु ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा आकडा, ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिनच्या, म्हणजे तुझ्या साखरेच्या गोळीच्या, मात्रेचा फेरविचार करावा, असे इथले अधिकृत मार्गदर्शन आहे, आणि तुझा आकडा त्याखाली गेल्याचा निरोप त्यांनी तुझ्या जुन्या, बंद पडलेल्या मोबाइलवर पाठवला, तेही तू नवा नंबर खिडकीवर लिहून दिलेला असताना. मी तुझ्या शेजारी बसून एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, ॲप उघडले नसते तर मात्रा आणखी किती दिवस तीच राहिली असती कोणास ठाऊक. त्यानंतर गोळी कमी झाली आणि सगळे सुरळीत झाले. तरीही जे घडले ते नोंदले गेलेच पाहिजे.

आता बाबांच्या मनात जे आहे त्याविषयी. "फुकट मिळते त्याला नावे ठेवू नयेत" असे तुम्ही म्हणता. बाबा, हे फुकट नाही. तुम्ही रात्रपाळ्या करून, सांधे दुखत असताना, इतकी वर्षे नॅशनल इन्शुरन्स आणि कर भरलात. १९४८ साली ही सेवा सुरू झाली ती सगळ्यांनी मिळून खर्च उचलायचा आणि गरज पडेल त्याने संकोच न करता दारात जायचे या विचाराने. तुमच्याइतका त्या विचाराचा अभिमान मी कोणात पाहिलेला नाही, आणि म्हणूनच तुम्ही गप्प बसू नये असे मला वाटते.

तक्रार केली तर ते राग धरतील, औषधे अडवतील, यादीतून काढतील, ही आईची भीती. नियम याच्या उलट आहे. तक्रारीचे कागद वैद्यकीय नोंदींपासून वेगळे ठेवायचे असतात, आणि केवळ तक्रार केली या कारणाने कोणत्याही रुग्णाला यादीतून काढता येत नाही. पत्र मिळाल्याची पोच त्यांनी कामाच्या ३ दिवसांत द्यायची असते. घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत तक्रार करायची असते, आणि आपण त्या मुदतीत आहोत, मात्र "पुढे बघू" म्हणत राहिलो तर राहणार नाही. तक्रार एक तर थेट दवाखान्याकडे करता येते किंवा त्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे तिथल्या आरोग्यसेवेचे नियोजन पाहणाऱ्या मंडळाकडे. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. मी बराच विचार करून दवाखानाच निवडला, कारण फोनची पद्धत बदलणे त्यांच्याच हातात आहे. त्यांच्या उत्तराने समाधान झाले नाही तर पुढे ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते, पण तिथवर वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

पत्रात मी कोणाला कामावरून काढा असे म्हटलेले नाही. रिसेप्शनवरच्या त्या तरुण मुलीचे नावही त्यात नाही. ती दिवसभर लोकांचे बोल खाते हे मी पाहिले आहे. आईची शीर सापडत नाही तेव्हा हात चोळून गरम करून, गप्पा मारत, एकाच टोचणीत रक्त घेणाऱ्या नर्सबाईंबद्दल मात्र एक पूर्ण परिच्छेद कौतुकाचा लिहिला आहे. मागणे इतकेच आहे की झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी बाबांची क्षमा मागावी, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला दोनदा फोन वाजवून यादीतून काढण्याची पद्धत बंद करावी. तुमच्यासारखे आणखी कितीतरी आजी-आजोबा त्या भागात एकेकटे राहतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी कालनिर्णयवर लिहून ठेवणारे कोणी नाही.

मग तक्रार केली तर सोडायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण सुधारणा होईल तेव्हा होईल, आणि तेवढा वेळ बाबांच्या चक्करीला आणि आईच्या साखरेला थांबवता येणार नाही. मला कल्पना आहे की तुम्हाला तो दवाखाना सोडवत नाही तो डॉक्टरकाकांमुळे. मला गोवर आला होता तेव्हा बाबांनी मला शालीत गुंडाळून बर्फातून त्यांच्याकडे नेले होते. शालीच्या आत आईने तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी छातीशी ठेवली होती, आणि डॉक्टरकाकांनी ती काढायला न लावता तिच्या बाजूनेच स्टेथोस्कोप लावला होता. आजही ओव्याचा वास आला की मला बाबांच्या कोटाचे खडबडीत कापड गालाला लागल्यासारखे वाटते. पण डॉक्टरकाका निवृत्त झाले, दवाखाना मोठ्या समूहात गेला, आणि आता तिथे तुम्हाला नावाने ओळखणारे त्या नर्सबाईंखेरीज कोणी उरलेले नाही. काका आज असते तर त्यांनीच तुम्हाला हाताला धरून दुसरीकडे नेले असते.

मी इतर वाटाही पाहिल्या. खाजगी डॉक्टरचा खर्च दादा उचलायला तयार आहे, पण त्यांच्याकडे तुमच्या जुन्या नोंदी आपोआप येत नाहीत आणि महागड्या गोळ्यांची चिठ्ठी शेवटी पदरमोड करूनच वटवावी लागते. एनएचएसच्या चिठ्ठीवर तुम्हाला साठीनंतर औषधे मोफत आहेत. दर हिवाळ्यात पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून यायच्या, हा शेजारच्या काकूंचा मार्ग तुम्हाला या वयात झेपणार नाही. आणि तुम्ही इकडे एडिंबराला राहायला यावे हा विषय मी या पत्रात मुद्दाम काढत नाही. लंडनमधल्या डॉलिस हिलच्या मंडळातला गणपती आणि मागच्या अंगणातली मेथी सोडून तुम्ही इथे रमणार नाही, हे मला पटलेले आहे.

नवा दवाखाना मी स्वतः जाऊन पाहिला. १८३ नंबरच्या बसमधून उतरले की रस्ता ओलांडावा लागत नाही. आत पायऱ्या नाहीत, खुर्च्यांना हात आहेत, त्यामुळे बाबांना उठताना आधार मिळेल, आणि नाव पुकारण्याबरोबर ते भिंतीवरच्या पडद्यावरही उमटते. दवाखान्यांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने त्याला "चांगला" हा शेरा दिला आहे. तुमचे घर त्यांच्या हद्दीत येते आणि यादी नव्या रुग्णांसाठी खुली आहे. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र असलेच पाहिजे असे नाही, आणि जुन्या दवाखान्याला कारण सांगण्याचीही गरज नाही. त्यांना परस्पर कळवले जाते. संगणकावरच्या नोंदी आपोआप नव्या ठिकाणी जातील. जुनी कागदपत्रे ज्या पाकिटांत असतात त्यांना अजूनही लॉइड जॉर्जचे नाव आहे, त्याच्या १९११ च्या विमा कायद्यापासूनचे. बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिले.

आता मी सांगते तसे कृपा करून करा, आणि ते याच क्रमाने करा. अर्ज देण्याआधी जुन्या दवाखान्यातून सगळ्या गोळ्या मागवून घ्या, म्हणजे नव्या डॉक्टरांची पहिली भेट होईपर्यंत खंड पडणार नाही. आईने थायरॉइडची गोळी "दोन दिवस नाही घेतली तर काय होते" म्हणून मागे ठेवायची नाही. रिपीट प्रिस्क्रिप्शनच्या कागदाची उजवी बाजू फाडून फेकू नका. नव्या डॉक्टरांना औषधांची नावे आणि मात्रा दाखवायला तीच लागेल. केमिस्ट आहे तोच राहील. नॉर्थविक पार्कच्या हॉस्पिटलात कानांची आणि डोळ्यांची जी तारीख मिळाली आहे ती तशीच राहते, फक्त तिथे नव्या डॉक्टरांचे नाव कळवायचे. ते फोन मी करीन. नोंदणी झाल्यावर आपल्या नावावर कोणते डॉक्टर नेमले आहेत हे विचारून घ्या. पहिल्या भेटीत बाबांनी पहिले वाक्य हेच बोलायचे की मला फोनवर ऐकू येत नाही, आणि ते संगणकात लिहिले गेल्याचे पाहूनच उठायचे. बाबा, तिथे हसून मान डोलावू नका. ऐकू आले नसेल तर आले नाही असे म्हणा. त्यात कमीपणा काहीच नाही.

नर्सबाईंचा निरोप घ्यावासा वाटला तर अवश्य घ्या, आईचे बेसनाचे लाडू त्यांना आवडतात. तक्रारीविषयी त्यांच्याशी बोलायची गरज नाही.

सह्या करून कागद सोबतच्या तिकीट लावलेल्या पाकिटात घाला. पेटी कोपऱ्यावरच आहे, पण फरसबंदी निसरडी असेल तर बाबांनी एकट्याने जाऊ नये, शेजारच्या मुलाला द्यावे. तुम्हाला पत्रातला एखादा शब्द कठोर वाटला तर तो खोडून वर तुमचा शब्द लिहा, मी तसाच ठेवीन.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या एनएचएसकडून मोफत मिळतात. त्या पुरवून पुरवून वापरू नका.