डेम्पस्टरवरच्या अनोळखी माणसांनो, आभार

जुलैत कॅनडातल्या कॅलगरीहून गाडीने पार उत्तरेकडच्या इनुविक गावाला निघालो होतो. डॉसनजवळ सुरू होणारा डेम्पस्टर हायवे ७०० किलोमीटरहून लांब, जवळजवळ सगळा खडीचा. वाटेतला ईगल प्लेन्सचा थांबा सोडला आणि धारदार खडीने एक टायर फाडला. स्टेपनी चढवली, तर तासाभरात दुसरा पंक्चर! मोबाइलला रेंज नाही, मुलूख अस्वलांचा, त्यात आईचं ‘मी सांगत होते’ चालूच.

ट्रकवाले काका, तुम्ही चिखलात आडवे होऊन पंक्चर काढलंत, हवा भरलीत आणि पैसे म्हटल्यावर चक्क रागावलात.

फोर्ट मॅकफर्सन गावातल्या, तिथल्या ग्विचिन या मूलनिवासी समाजाच्या आजी, तुमचा सुकवलेला मासा गाडीतच फस्त झाला. आमच्या चकल्या आवडल्या का? नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.