फीच्या पलीकडे बघा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्रान्स आणि अमेरिकेच्या शिक्षणाची तुलना निघाली की लेख फीपाशी सुरू होतो आणि फीपाशीच संपतो, असं मला वाटायला लागलंय. फ्रान्सच्या सरकारी युनिव्हर्सिटीत पदवीची वर्षाची फी तिथल्या पोरांना २०० युरोच्या आत, (युरोपबाहेरच्यांना २०१९ पासून ती बरीच जास्त लावलीय, हे मात्र कोणी लिहित नाही) आणि अमेरिकेत कर्ज. खरंय. पण पोरांची चाळण कधी लागते ते बघा ना!

अमेरिकेत चाळणी दारातच. हायस्कूलची चार वर्षं रोजचे ग्रेड साठत जातात, त्यात एसएटी ही प्रवेशपरीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, खेळ, समाजसेवा, म्हणजे पोरगं पंधराव्या वर्षापासून स्वतःची फाइल बनवत बसतं. एकदा आत शिरलं की मात्र बऱ्याच कॉलेजात दुसरं वर्ष संपेपर्यंत मेजर म्हणजे मुख्य विषय ठरवायचीही घाई नसते, इतिहास घेतलेला पोरगा खुशाल बायोलॉजीकडे वळतो.

फ्रान्समध्ये उलटं. लिसेच्या, म्हणजे तिथल्या हायस्कूलच्या शेवटी बाक (आपला बसायचा बाक नव्हे, नेपोलियनच्या काळात १८०८ साली सुरू झालेली परीक्षा), त्यात तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर, मार्क २० पैकी आणि १४ मिळाले तरी घरात आनंद. २०२१ पासून ४० टक्के मार्क वर्षभरातल्या कामाचे झालेत, तरी परीक्षेचा दरारा आहेच. दहातली नऊ पोरं पास होतात. बाकच्या निकालाआधीच पार्कुरस्युप नावाच्या सरकारी वेबसाइटवर विषय निवडूनच कॉलेजसाठी अर्ज करायचा, कायदा म्हणजे पहिल्या दिवसापासून कायदाच. आणि खरी गळती तिथून पुढे, पहिल्याच वर्षात कितीतरी पोरं अडकतात नाहीतर विषय सोडून देतात. स्वस्तात आत घेतात पण हात धरून चालवत नाहीत, असं माझं मत.

यात एक मोठी मेख आहे. फ्रान्समध्ये हुशार म्हणून गणली जाणारी बरीच पोरं युनिव्हर्सिटीत जातच नाहीत, ती प्रेपात (म्हणजे तयारीच्या वर्गात) दोन वर्षं घासतात आणि स्पर्धापरीक्षा देऊन ग्रांद एकोल नावाच्या निवडक उच्चशिक्षण संस्थांमध्ये जातात. त्यातल्याच १७९४ च्या एकोल पोलितेक्निकमध्ये तर फ्रेंच विद्यार्थ्यांना शिकताना पगार मिळतो! समतेचा एवढा डंका पिटणाऱ्या देशात ही वेगळी वाट, आणि त्या वाटेवर शिकलेल्या आईबापांचीच पोरं जास्त दिसतात. अमेरिकेतही काही नामवंत कॉलेजं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देतात, त्यामुळे तिनंही फार मिरवू नये.

अमेरिकेची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं कमी पैशात शिका, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जा, वय तिशीचं असलं तरी कोणी भुवई उंचावत नाही. यावर एखादा लेख छापलात तर बरं होईल, फीचा तक्ता आता पाठ झालाय.

आपली,
एक नियमित वाचक