सुमे, तुझी माफी मागायचीय

प्रिय सुमे,

सहा महिने फोन नाही, मेसेज नाही, माहितीय. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू. आता मुद्द्याचं.

आईची गोड्या मसाल्याची वही तू १९९६ ला इंदूरच्या ट्रकमध्ये हरवलीस म्हणून मी तुला इतकी वर्षं टोमणे मारले ना, तर त्या पानाची जी एकमेव झेरॉक्स उरली होती तीही गेली. माझ्याच हाताने.

झालं असं की माईच्या साठीला आईचं अक्षर लाकडी फळीवर उतरवून द्यायचं डोक्यात आलं. व्हिडिओ पाहिले, ॲक्रिलिक जेल आणलं, फळी पॉलिशपेपरने गुळगुळीत केली. घरचा प्रिंटर इंकजेट, त्याची शाई पाण्याने पसरते. झेरॉक्सचा टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, उष्णतेने कागदावर बसवलेली, पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे जेलला चिकटून राहतो आणि मागचा कागद भिजवून चोळून काढायचा. एवढं सगळं समजलं आणि मग वाटलं, झेरॉक्स तर आहेच की घरात! कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांत हवी तशी उलटी प्रत मिळाली असती गं. मोबाईलवर साधा फोटोसुद्धा काढला नाही.

पान पालथं चिकटवलं, रात्रभर वाळू दिलं, सकाळी ओलं करून बोटाने चोळत बसले, कागदाच्या सुरळ्या निघतायत, खालून आईचं अक्षर वर येतंय, मी रडतेय. आणि मग लक्षात आलं की सगळं उलटं आहे. सुमे, उलटं!! लहानपणी मेणबत्ती घासलेला कागद पेपरातल्या फोटोवर ठेवून चमच्याने घासायचो तेव्हा आपला गावसकर डावखुरा व्हायचा ना? तेव्हा तू मला बावळट म्हणाली होतीस, आता परत म्हण.

आणि आई! बटर पेपरला सुईने भोकं पाडून, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने अख्ख्या चाळीच्या साड्यांवर नक्षी छापायची, पण खाक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. एका मोराच्या खाक्यावर किती साड्या निघाल्या असतील. तू त्यावर चहा सांडलास तेव्हा आठ दिवस बोलली नव्हती तुझ्याशी (सांडला तूच होतास, मी नाही, हे आता तरी कबूल कर).

बरं, उलटं तर उलटं, फोटो काढून फ्लिप केला की वाचता येतं. धणे अर्धा किलो, तीळ, खोबरं, शहाजिरं सगळं नीट आहे. पण मी जरा जास्तच चोळलं. दगडफुलापुढे नुसतं 'तोळे' उरलंय, आकडा गेला. नागकेशराची तर ओळच गेली. माईला विचारलं तर कळेल काय झालं ते, आणि मग साठीचं सोड, मला घरात घ्यायची नाही.

दिवाळीआधी आईच्या शेजारी बसून तूच मसाला भाजायचीस, मी ठसक्याने बाहेर पळायचे. तुझ्या हाताला तरी आठवत असेल. दगडफूल किती तोळे गं? आणि नागकेशर दालचिनीच्या आधी भाजायचं की नंतर?

गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मुलाला नोकरी लागली ऐकलं, छान झालं, अभिनंदन सांग. माईची साठी २२ तारखेला आहे, त्याआधी फोन कर. दुपारी कर, सकाळी माई इथेच असते.

तुझी,
बावळट