किट कार घेताय? रंग नंतर बघा, आधी खाली वाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बरीच वर्षं इंग्लंडात कोव्हेंट्रीला राहतो, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो. इकडे आपली पुष्कळ मराठी मुलं गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आहेत, हातात चार पैसे आले की स्पोर्ट्स कारची हौस येते आणि खरी परवडत नाही म्हणून मग नजर जाते जुन्या किट कारवर. माझा भाचाही सध्या कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या रेप्लिकाच्या, म्हणजे नकलेच्या, मागे लागलाय म्हणून हे पत्र.

किट कार म्हणजे चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि फायबरची बॉडी विकत घ्यायची, जुन्या गाडीचं इंजिन, एक्सल, स्टिअरिंग काढून घरच्या गॅरेजात जोडायचं. खऱ्या कोब्रा १९६० च्या दशकात हजारेकच बनल्या, नकला त्याच्या कित्येक पट आहेत. आणि प्रत्येक नक्कल वेगळी, कारण ती बांधणारा माणूस वेगळा. एकाने तीन वर्षं जीव ओतून बांधलेली असते, दुसऱ्याने कंटाळून कशीतरी उरकलेली.

मी घेतली ती १९९१ ची होती, लाल, पॉलिश केलेली, रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, आवाज ऐकला आणि मी तिथेच विरघळलो, संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, खाली वाकून बघायचं सुचलंच नाही. मागचा एक्सल जग्वारचा होता. त्यात मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नसतात, आत डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला, चिकटून असतात, ब्रेकच्या उष्णतेने तिथले ऑइल सील जातात आणि तेल थेट डिस्कवर येतं. दोन महिन्यांनी मुलगी शेजारी बसलेली असताना राउंडअबाउटवर ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. थोडक्यात वाचलो, पण तिचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून भाच्याला सांगितलंय, भर उजेडात कोरड्या दिवशी जायचं, गाडी जॅक-स्टँडवर घ्यायला सांगायची, विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत यायचं. चासीचे चौकोनी पाइप स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, रिव्हेटच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि पाइप आतून गंजतो, वरून रंग मात्र शाबूत. वेल्डिंगचे सांधे, सस्पेन्शनचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे बोल्ट नक्की कशात रुतलेत, नुसत्या फायबरमध्ये तर नाहीत ना, हे हाताने चाचपून बघायचं. फायबरला लोहचुंबक चिकटत नाही त्यामुळे पत्र्यावर पुट्टी शोधायची ती युक्ती इथे चालत नाही, जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तिथे कधीतरी दणका बसलाय असं धरायचं. आणि वायरिंग! फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थिंगची वायर लागते. सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, पंखा एकदम चालू करा, एक लावल्यावर दुसरा मंद झाला की समजा अर्थिंग कच्चं आहे.

टायरवर ४ आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष, तो वाचा, कारण या गाड्या फिरत कमी असल्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र वीस वर्षांचं निघतं. पेट्रोलचे जुने होजही वाकवून बघा, २०२१ पासून इकडे ई-१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय, जुनं रबर त्याने खराब होतं.

कागदांचा मुद्दा तर फार महत्त्वाचा आहे. १९९८ साली इथे अशा घरी बांधलेल्या गाड्यांना रस्त्यावर आणण्याआधी एसव्हीए ही सरकारी तपासणी सक्तीची झाली, २००९ पासून तिच्या जागी आयव्हीए आली. १९९८ च्या आधीच्या गाडीची बांधणी बहुतेक वेळा कोणीच नीट तपासलेली नसते, एमओटी या दरवर्षीच्या फिटनेस तपासणीत गाडी उघडून बघत नाहीत. तरी एमओटीचा जुना इतिहास गाडीचा नंबर टाकला की ऑनलाइन फुकट दिसतो, तो बघाच. लॉगबुकवरचा (म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा) चासी नंबर गाडीशी जुळवा. लॉगबुकवर अजून डोनर गाडीचंच (जिचे पार्ट काढून वापरले तिचंच) नाव आणि ‘सलून’ म्हणजे बंद छपराची साधी गाडी असं लिहिलेलं असेल तर नंबर आणि इन्शुरन्स दोन्हीचा घोळ होऊ शकतो. आणि बांधताना काढलेले फोटो, बिलांची फाइल मागा. ज्याने मनापासून बांधली त्याने ती जपलेली असतेच.

भाचा आणि मी शनिवारी गाडी बघायला जातोय. टॉर्च, छोटा आरसा आणि खाली आडवं व्हायला जुनी सतरंजी आत्ताच डिकीत टाकून ठेवलीय.

आपला,
एक वाचक, कोव्हेंट्री